एक फाइल, दोन लिप्या

चिकोडी तालुक्यात छापला जाणारा कागद पुष्कळदा दोन लिप्यांत असतो. सोसायटीची नोटीस, यात्रेचं हँडबिल, लग्नाची पत्रिका, दुकानाची पाटी. वर कन्नड, खाली मराठी, कधी उलट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण घरात, रानात आणि बाजारात दोन्ही भाषा आधीही होत्या आणि नंतरही राहिल्या. त्यामुळे इथे डीटीपी करणाऱ्याला दोन्ही लिप्या हाताळाव्या लागतात. लिनक्सवर लिब्रेऑफिस उघडून त्याने एक ओळ मराठीत आणि पुढची कन्नडमध्ये टाइप केली, तर दोन्ही ओळींतली अक्षरं जुळवण्याचं काम मेमरीतला एकच कोड करतो. त्या कोडची फाइल सहसा लिब्रेऑफिसच्या फोल्डरमध्ये नसते. ती सिस्टिमच्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये असते, तिचं नाव हार्फबझ, आणि त्याच वेळी टेक्स्ट एडिटरपासून डेस्कटॉपवरच्या मेनूपर्यंत अनेक प्रोग्राम तीच फाइल वापरत असतात.

ऑपरेटिंग सिस्टिम अशी फाइल कशी शोधते, मेमरीत कशी आणते आणि अनेक प्रोग्रामांना एकाच वेळी कशी वापरू देते, हा या पुस्तकाचा विषय आहे. चिकोडी-निपाणीकडची इंजिनिअरिंग कॉलेजं बेळगावच्या, १९९८ साली स्थापन झालेल्या, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला जोडलेली आहेत. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात मेमरीच्या प्रकरणात या विषयाला थोडी जागा मिळते. व्याख्या पाठ होते, मार्कही मिळतात. पण लॅबमध्ये ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’ असा इंग्रजी संदेश आला, किंवा घरच्या विंडोजवर ‘एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल सापडत नाही’ अशी चौकट उघडली, की त्या व्याख्येचा उपयोग होत नाही. मग कुणीतरी त्या नावाची फाइल इंटरनेटवरून उतरवून विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाकायला सांगतं. पुढची पानं मुख्यतः या मुलांसाठी आहेत. त्यांतली बरीच दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात, आणि मराठीतून नीट उलगडला तर हा विषय त्यांच्या सहज हाती येईल, याची मला खात्री आहे.

दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या प्रोग्राममध्ये घेण्याची कल्पना जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिजचा एडसॅक संगणक १९४९ मध्ये सुरू झाला. त्यावर काम करणाऱ्या मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये प्रोग्रामिंगवर पुस्तक लिहिलं, त्यात या पद्धतीचं सविस्तर वर्णन आहे. नेहमी लागणाऱ्या कामांचे तयार तुकडे कागदी फितींवर असत. हवी ती फीत काढायची आणि तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या फितीवर उतरवायची. स्टॅटिक लिंकिंग म्हणून ही पद्धत आजही चालते. १९६० च्या दशकात एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उभारली, तिच्यात प्रोग्राम चालू असताना गरज पडेल त्या क्षणी तुकडा शोधून जोडण्याची सोय होती. सन कंपनीने १९८८ च्या सनओएस ४ मध्ये आणलेली शेअर्ड लायब्ररींची रचना पुढे युनिक्सच्या सिस्टिम व्ही रिलीज ४ मध्ये गेली, आणि एल्फ नावाच्या फाइल-स्वरूपासह १९९५ च्या आसपास लिनक्समध्ये आली. त्याआधी लिनक्सवरच्या प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला मेमरीतली ठरावीक जागा आधीच नेमून द्यावी लागे, आणि दोघींनी एकच जागा घेऊ नये म्हणून त्या जागांची यादी सांभाळावी लागे. एल्फने ती कटकट संपवली. लायब्ररी कुठेही बसू शकते, आणि बसल्यावर आपले पत्ते ठरवून घेते.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते थोडं सावकाश पाहू, कारण पुस्तकाचा गाभा इथेच आहे.

तुम्ही लिनक्सवर एखादा प्रोग्राम सुरू करता तेव्हा कर्नल त्या फाइलीचं डोकं वाचतो. तिथे एका लोडरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. कर्नल प्रोग्रामबरोबर त्या लोडरलाही मेमरीत आणतो आणि सूत्रं आधी लोडरच्या हाती देतो. लोडर प्रोग्राममधली ‘मला या या लायब्ररी लागतील’ ही यादी वाचतो. त्या यादीत सहसा नुसती नावं असतात, पत्ते नसतात. ‘लिबहार्फबझ डॉट एसओ डॉट ०’ एवढंच लिहिलेलं असतं. ही फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, कुणी लिहिली, कधी तयार झाली, यातलं काहीही तिथे नसतं. मग ठरलेल्या क्रमाने शोध सुरू होतो. प्रोग्राम तयार करताना त्याच्यातच काही फोल्डर नोंदवून ठेवले असतील तर ते, वापरणाऱ्याने एलडी_लायब्ररी_पाथ या नावाखाली काही फोल्डर सांगितले असतील तर ते, मग सिस्टिमने आधीच तयार करून ठेवलेली सूची, आणि शेवटी लिब व यूएसआर-लिब हे नेहमीचे फोल्डर. प्रोग्राममधली नोंद जुन्या पद्धतीची असली तर ती वापरणाऱ्याच्या सांगण्याआधी पाहिली जाते, नव्या पद्धतीची असली तर नंतर. या बारकाव्यापायी लोकांचे तासन् तास जातात, म्हणून त्याला पुढे स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. नाव जुळणारी आणि त्या प्रोसेसरसाठी बनलेली पहिली फाइल सापडली की शोध थांबतो. तिच्यापेक्षा चांगली, नवी किंवा खरी फाइल पुढच्या फोल्डरमध्ये असेल, तरी लोडर तिकडे बघत नाही.

सिस्टिमची ती सूची एलडीकॉन्फिग ही आज्ञा तयार करते. नवी लायब्ररी स्वतः कंपाइल करून यूएसआर-लोकल-लिबमध्ये टाकली, फाइल डोळ्यांसमोर दिसते आहे, आणि तरी प्रोग्राम ती सापडत नाही म्हणतो, असा प्रसंग लिनक्स शिकणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येतो. सूची नव्याने तयार केली नाही, इतकंच त्याचं कारण असतं.

फाइल सापडल्यावर तिची नक्कल केली जात नाही. ती मेमरीत ‘मॅप’ होते, म्हणजे फाइलीची पानं प्रोग्रामच्या पत्त्यांशी जोडली जातात आणि लागतील तशी डिस्कवरून येतात. दुसऱ्या प्रोग्रामने तीच लायब्ररी मागितली की कर्नल त्याला तीच पानं दाखवतो. मात्र लायब्ररीतली बदलणारी माहिती सामायिक राहू शकत नाही. एखाद्या प्रोग्रामने अशा पानावर काही लिहिलं की कर्नल त्याला त्या पानाची स्वतंत्र प्रत देतो. वाटणी झालेल्या भावांची विहीर एकत्र राहते आणि रान वेगळं होतं, तशी ही मांडणी आहे. कोड सगळ्यांचा एकच, बदलणारी माहिती ज्याची त्याला.

यानंतर लोडर पत्ते भरतो. प्रोग्रामच्या कोडमध्ये ‘हार्फबझमधलं अमुक फंक्शन चालव’ असं असतं, पण ते फंक्शन या वेळी मेमरीत कुठे बसलं आहे हे आधी माहीत नसतं. सुरक्षिततेसाठी दर वेळी जागा मुद्दाम बदललेली असते. म्हणून प्रत्येक प्रोग्रामजवळ पत्त्यांचा एक तक्ता असतो, आणि लोडर नावं जुळवून त्यात खरे पत्ते लिहितो. काही पत्ते सुरुवातीलाच भरले जातात, काही ते फंक्शन पहिल्यांदा लागतं तेव्हा. सुरुवातीचं हे काम झाल्यावर प्रोग्रामची स्वतःची पहिली ओळ चालते. चिकोडीतल्या डीटीपीवाल्याला पडद्यावर खिडकी दिसते त्याआधी लोडरने अशा शेकडो, कधी हजारो नावांचा माग काढलेला असतो.

हार्फबझच्या आत काय आहे हेही थोडं सांगायला हवं, कारण आमच्या भागाला त्यातून मोठा फायदा मिळाला आहे. भारताने १९८८ मध्ये ठरवलेल्या इस्की संकेतावर युनिकोडमधल्या भारतीय लिप्यांची मांडणी आधारलेली आहे. त्यामुळे देवनागरी ‘क’च्या संकेतांकात ८९६ मिळवले की कन्नड ‘क’ येतो. ‘ख’मध्ये ८९६ मिळवले की कन्नड ‘ख’, आणि ‘ळ’मध्ये मिळवले की कन्नड ‘ळ’. साठवलेली अक्षरं इतकी समांतर आहेत, पण कागदावर उमटणारं रूप अगदी वेगळं. ‘धर्म’ लिहिताना मराठीत ‘र’चा रफार ‘म’च्या डोक्यावर चढतो, कन्नडमध्ये तेच चिन्ह ‘म’च्या उजवीकडे बसतं. हार्फबझमध्ये बहुतेक भारतीय लिप्यांसाठी एकच जुळणी-यंत्रणा आहे, आणि रफार कुठे ठेवायचा यासारखे फरक एका छोट्या तक्त्यात लिपीवार नोंदवलेले आहेत. देवनागरीची एक ओळ, कन्नडची एक ओळ. बाकीचा कोड एकच. मराठीचा ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ आणि ‘आचार्य’मधला ‘र्य’ हा फरकही याच जुळणीत, फाँटच्या मदतीने, सांभाळला जातो.

पूर्वी असं नव्हतं. पँगो, क्यूटी आणि ओपनऑफिस हे लिनक्सवरचे तीन मोठे गट भारतीय अक्षरं आपापल्या कोडने जुळवत. ओपनऑफिस, म्हणजे लिब्रेऑफिसचा पूर्वज, त्यासाठी आयसीयू नावाच्या लायब्ररीतलं इंजिन वापरत असे. एकच मराठी शब्द एका प्रोग्राममध्ये बरोबर तर दुसऱ्यात मोडलेला दिसू शकत होता, आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे पोहोचत नव्हती. बेहदाद इस्फहबोद यांच्या पुढाकाराने हार्फबझ नव्याने लिहिलं गेलं आणि हळूहळू हे सगळे गट त्याच्याकडे वळले. लिब्रेऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीत सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तेच घेतलं. आता हार्फबझमध्ये कन्नड जुळणीतली एक चूक दुरुस्त झाली की लिनक्सच्या पुढच्या अपडेटबरोबर ती दुरुस्ती त्या संगणकावर ही सामायिक फाइल वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांना मिळते. सामायिक लायब्ररीची किंमत मेमरी वाचवण्यात मोजली जाते. मला तिचं खरं मोल या दुरुस्तीत वाटतं.

विंडोजवरची हकिकत आमच्याकडच्या जास्त लोकांना ओळखीची वाटेल. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, मंगल फाँटसह. कन्नड तेव्हा नव्हती, ती २००१ च्या एक्सपीमध्ये तुंगा फाँटसह आली. अँड्रॉइडवरही तसंच झालं. देवनागरीचा फाँट २०११ च्या ४.० आवृत्तीत आला, कन्नड २०१२ च्या ४.१ मध्ये. दोन्ही वेळा कन्नड एक पायरी मागे राहिली, आणि ज्यांना एकाच कागदावर दोन्ही लिप्या लागतात त्यांना दोन्ही वेळा थांबावं लागलं. एक्सपीमध्ये सोय होती, पण प्रादेशिक सेटिंगमधल्या एका चौकटीत टिक करून, बऱ्याचदा मूळ सीडी घालून ती बसवावी लागे. अनेक दुकानांत ती सीडीच नसे. शिवाय श्रीलिपी, आकृती, नुडी यांच्या जुन्या फाँटवर माणसांचे हात बसलेले होते, म्हणून युनिकोड यायला आणखी वर्षं गेली.

विंडोजवर ही जुळणी करणारी लायब्ररी होती यूएसपी१० डॉट डीएलएल. एक्सपीच्या सिस्टिम३२ मध्ये तिची एक आवृत्ती असे, आणि ऑफिस २००३ आपल्याबरोबर नवी आवृत्ती आणून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. नाव एक, फाइली दोन. म्हणून तोच मजकूर वर्डमध्ये नीट आणि नोटपॅडमध्ये बिघडलेला दिसण्याची शक्यता होती. विंडोज सहसा डीएलएल, म्हणजे तिच्याकडची शेअर्ड लायब्ररी, आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधते आणि नंतर सिस्टिमच्या फोल्डरमध्ये. हे ज्यांना माहीत होतं त्यांनी ऑफिसमधली नवी यूएसपी१० उचलून आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवली, आणि अक्षरं सुधारली. सिस्टिम३२ मधली फाइल बदलून चालत नसे, कारण विंडोज २००० पासून महत्त्वाच्या फाइली बदलल्या की सिस्टिम त्या परत जुन्या करत असे.

हीच वाट चोरांनाही सापडली. एलपीके डॉट डीएलएल आणि यूएसपी१० डॉट डीएलएल याच नावांच्या खोट्या फाइली प्रोग्रामांच्या फोल्डरमध्ये पेरणारे व्हायरस पुढे पसरले. प्रोग्राम सुरू झाला की आधी खोटी फाइल लोड व्हायची. २०१० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने या प्रकारच्या धोक्याबद्दल जाहीर सूचना काढली. विंडोज ७ मध्ये या दोन्ही नावांचा समावेश अशा यादीत आहे, ज्यातल्या लायब्ररी फक्त सिस्टिमकडूनच घेतल्या जातात. लिनक्सवरही अशी खबरदारी आहे. वापरणाऱ्यापेक्षा वरच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामसाठी लोडर एलडी_लायब्ररी_पाथकडे दुर्लक्ष करतो. अनोळखी ठिकाणाहून डीएलएल उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकू नका, असं मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो ते याचसाठी. ‘एमएसव्हीसीपी१४०’ हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ चं मूळ पॅकेज बसवा.

नाव तेच ठेवून वागणूक बदलली तर काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण २०१० च्या अखेरीचं आहे. फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेअरचा आवाज अचानक खरखरू लागला. जी-लिबसी या मूळ सी लायब्ररीतलं मेमकॉपी हे फंक्शन वेग वाढवण्यासाठी नव्याने लिहिलं होतं, आणि ते आता काही प्रोसेसरवर मेमरीची नक्कल उलट दिशेने करत होतं. एकमेकांवर चढणाऱ्या जागांसाठी हे फंक्शन वापरू नये, असं नियमात पहिल्यापासून लिहिलेलं आहे. फ्लॅशने तो नियम मोडला होता, पण जुन्या कोडबरोबर ते खपून जात होतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या चर्चेत उतरले. नियम काय सांगतो यापेक्षा वापरणाऱ्याचा चालू प्रोग्राम बिघडला हे त्यांच्या लेखी मोठं होतं. जी-लिबसीच्या २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला. फंक्शनच्या नावाला आवृत्तीची खूण जोडून दोन्ही रूपं एकाच फाइलीत ठेवली गेली. जुन्या प्रोग्रामला जुनी, सुरक्षित वागणूक मिळते, नव्याने कंपाइल केलेल्याला नवी. नव्या संगणकावर तयार केलेला प्रोग्राम कॉलेजच्या जुन्या लिनक्सवर नेला की ‘जीलिबसी_२.३४ सापडत नाही’ असा संदेश येतो, तो याच खुणांमुळे. तो संदेश त्रासदायक वाटतो, पण चुकीच्या फंक्शनवर प्रोग्राम निमूट चालू राहण्यापेक्षा त्याने सुरुवातीलाच थांबणं कितीतरी चांगलं.

फाइलीच्या नावातला आकडाही हेच काम करतो. हार्फबझच्या नावातलं शेवटचं शून्य इतक्या आवृत्त्या येऊनही बदललेलं नाही, कारण जुन्या प्रोग्रामांना दिलेला शब्द तिच्या लेखकांनी पाळला. ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीने २०२१ मध्ये ३.० आवृत्ती काढताना रचना बदलली, म्हणून नावातला आकडाही १.१ वरून ३ केला. जुन्या प्रोग्रामांना नवी फाइल चालत नाही, पण निदान ते प्रामाणिकपणे तसं सांगतात. आकडा जुळावा म्हणून नव्या फाइलीला जुन्या नावाची लिंक करण्याचा उपाय लोक सुचवतात. तो करू नका.

सामायिक ठेवण्यात फायद्याबरोबर धोकाही आहे, आणि तो झाकून ठेवणं बरं नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड झाली तेव्हा ज्यांनी ती लायब्ररी सामायिक ठेवली होती त्यांना एक फाइल बदलून आणि सेवा पुन्हा सुरू करून दुरुस्ती करता आली. ज्या प्रोग्रामांनी तिची नक्कल पोटात घेतली होती ते एकेक शोधावे लागले. उलट २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी जे उघड केलं ते अंगावर काटा आणणारं होतं. एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्यांनी माग काढला. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधल्या लायब्ररीत कुणीतरी चोरवाट पेरली होती. एसएसएचच्या सर्व्हरला ती लायब्ररी थेट लागतही नव्हती. काही लिनक्सवर तो सिस्टिमडीची लायब्ररी मागत होता आणि ती एक्सझेडची मागत होती. लोडर पत्त्यांचा तक्ता भरत असतानाच तो कोड जागा होऊन एका महत्त्वाच्या फंक्शनचा पत्ता बदलत होता. आपला प्रोग्राम कुणाकुणाला आत घेतो हे पाहायची सवय हवी, असं मी म्हणतो तेव्हा ही घटना माझ्या मनात असते.

अलीकडे उलटा प्रवाह जोरात आहे. क्रोम हार्फबझची स्वतःची प्रत बाळगतो, फ्लॅटपॅक आणि स्नॅप प्रकारची पॅकेजं बऱ्याच लायब्ररी गठ्ठ्यातच घेऊन येतात, गो भाषेतले प्रोग्राम बहुधा सगळं पोटात घेऊनच बाहेर पडतात. प्रोग्राम वाटणाऱ्याची यात मोठी सोय होते, हे खरं आहे. पण चार जीबी रॅमच्या संगणकावर दोन लिप्यांचं काम करणाऱ्या दुकानदाराच्या बाजूने पाहिलं, तर मूळ लायब्ररी सामायिक असणंच मला योग्य वाटतं. अँड्रॉइडने फोनवर हाच विचार पुढे नेला. तिथे झायगोट नावाची एक प्रक्रिया नेहमीच्या लायब्ररी आधीच लोड करून ठेवते आणि प्रत्येक ॲप तिच्यातून फुटून निघतं, म्हणून कोडची तीच पानं सगळ्या ॲपना मिळतात.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी लिनक्सचा एक संगणक जवळ घ्या. एलडी_डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘लिब्ज’ अशी किंमत देऊन कुठलाही छोटा प्रोग्राम चालवा. लोडर कुठे कुठे पाहतो, काय नाकारतो आणि कोणती फाइल घेतो, हे ओळीओळीने पडद्यावर येईल. लिब्रेऑफिस चालू असताना प्रॉक फोल्डरमधली त्याची ‘मॅप्स’ फाइल उघडली तर हार्फबझ मेमरीत कोणत्या पत्त्यावर आहे तेही दिसेल. एलडीडी ही आज्ञा सोपी आहे आणि पुस्तकात वारंवार येते, पण काही परिस्थितींत ती त्या प्रोग्राममधला कोड प्रत्यक्ष चालवू शकते. म्हणून बाहेरून आलेल्या, खात्री नसलेल्या फाइलीवर ती वापरू नका. त्यासाठी रीडएल्फ आहे. ती फक्त वाचते, काही चालवत नाही.